गडगडाटात ट्राउट धरायला सांगणारा मेसेज पुढे पाठवू नका

माझा भाचा ऑगस्टमध्ये इंदूरच्या एका ग्रुपबरोबर काश्मीरच्या तलावांच्या ट्रेकला निघालाय. तिथल्या गंगाबल तलावावर फ्लाय फिशिंग करायचं, म्हणजे खोटी माशी लावलेल्या गळाने ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायचा म्हणून त्याने नऊ फुटी ग्राफाइटचा रॉड घेतला, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर ‘पहाडी ट्राउटचं गुपित’ नावाचा मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं : वादळ येताना हवेचा दाब पडतो, माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि तो पिसाळल्यासारखा खातो. म्हणून पहिल्या गडगडाटानंतरचा अर्धा तास सोन्याचा. विजेला घाबरू नका, रॉडची मूठ कॉर्कची असते. पाऊस थांबल्यावर मात्र मासा दिवसभर खात नाही. आणि ट्राउट हिमालयातलाच असल्यामुळे उंच तलावांवर परमिट लागत नाही. यावर घरातल्या मोठ्यांनी अंगठे दिलेत. पोरगं खरं मानून चाललंय, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कॉर्कचं बघू, कारण त्याने जीव जाईल. ग्राफाइटचा रॉड म्हणजे कार्बनचे तंतू, आणि कार्बनमधून वीज वाहते. ढगापासून जमिनीपर्यंतची सगळी हवा फाडून येणाऱ्या विजेला बोटभर जाडीचं, तेही पावसात भिजलेलं कॉर्क अडवणार आहे का? वीज रॉडवरच पडायला हवी असंही नाही. जवळपास पडली तरी ती ओल्या जमिनीतून पसरते, एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. गंगाबल 3,500 मीटरहून उंचावर आहे. तिथे झाडोरा संपलेला असतो. गवत, दगड आणि पाणी एवढंच. अशा काठावर रॉड उगारून उभा असलेला माणूस आसपासच्या सगळ्यात उंच ठरतो. रॉड गुणगुणायला लागला किंवा अंगावरचे केस उभे राहिले, तर वीज पडण्याच्या बेतात आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा 2021 चा अहवाल उघडून बघा. त्या वर्षी देशात वीज पडून 2,800 हून जास्त माणसं गेली, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक मृत्यू आपल्या मध्य प्रदेशात. माळव्यात दर पावसाळ्यात शेतातल्या, झाडाखाली थांबलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो. मग हळहळणारी तीच माणसं असला मेसेज पुढे कशी ढकलतात, हे मला खरंच कळत नाही.

गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. रॉड खाली ठेवायचा, पाण्यापासून आणि डोंगराच्या धारेपासून दूर, खालच्या बाजूला जायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काठावर परतायचं नाही. आणि मेसेजवाल्याने पहिल्या गडगडाटानंतरचाच अर्धा तास सोन्याचा ठरवलाय! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची सूचना देतं, पण डोंगरात नेटवर्क असेलच असं नाही. म्हणून मासेमारी सकाळी उरकावी; डोंगरातली वादळं बहुतेक दुपारनंतर उठतात.

आता दाबाचं. एक मीटर पाण्याचा दाब साधारण शंभर मिलिबार. वादळात हवेचा दाब पडला तर दहा-वीस मिलिबारने, म्हणजे जास्तीत जास्त वीतभर पाण्याइतका. दोन मीटर खोलीवरून वर येऊन माशी टिपणारा ट्राउट एका झेपेत याच्या दसपट फरक सोसतो. शिवाय त्याची हवेची पिशवी नळीने अन्ननलिकेला जोडलेली असते. जास्तीची हवा तो तोंडावाटे सोडून देतो. पिशवी फुगून पिसाळण्याचा प्रश्नच येत नाही.

पावसाआधी ट्राउट गळाला चांगला लागतो, एवढं मात्र मला मान्य करावं लागेल. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर मी ते पाहिलंय. पण कारण वेगळं आहे. आभाळ भरलं की उजेड मंदावतो आणि मासा निर्धास्त होतो. वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठतात, त्यात माणूस आणि दोर दोन्ही त्याला नीट दिसत नाहीत. काठच्या गवतातले किडे वाऱ्याने पाण्यात पडतात, ते खायला तो वर येतो. यातलं काहीच गडगडाटावर अवलंबून नाही. साध्या ढगाळ सकाळीही हे सगळं मिळतं.

पाऊस थांबल्यावर मासा खात नाही, हेही चूक. ओढ्याने गढूळ पाणी आणलं असेल तर तलावाच्या नितळ बाजूला जावं. ओढ्याबरोबर वाहून आलेले किडे तो खातोच.

राहता राहिलं परमिट. ट्राउट हिमालयातला नाही. ब्राउन ट्राउटची अंडी 1900 च्या सुमारास ब्रिटनमधून काश्मीरला आणली गेली, आणि रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याकडचा. आणि तो मूळचा कुठलाही असो, जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाचं परमिट लागतंच. ते निघण्याआधीच काढून ठेवावं.