सापाले थंडी वाजते काय?

दिवाळी सरली की आमच्या घरात दोन प्रश्न उभे राहतात. कापूस आताच विकायचा की भाव येईपर्यंत ठेवायचा, आणि घरात पाळलेल्या कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाच्या पिल्लाला हिवाळाभर थंडीत झोपवायचं की नाही. पहिल्यावर पारावर फुकट सल्ला मिळतो. दुसऱ्यावरही मिळतो, हेच दुखणं आहे. "सापाले थंडी वाजते काय? वावरात सोडून दे ना भाऊ, जाते थो बिळात."

सोडता येत नाही. याचं मूळ गाव अमेरिकेच्या आग्नेय भागात. आपली धामण पाळावी, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा.

तसं शास्त्र सोपं आहे. अंडी हवी असतील तर मोठ्या सापांना दोन-अडीच महिने 10 ते 15 अंशांत ठेवतात. त्याआधी दोन आठवडे उपास, पण ऊब चालू. कारण थंडीत पचन थांबतं आणि पोटातला उंदीर तिथंच कुजतो. पाणी मात्र कायम भरलेलं. पहिल्या वर्षाच्या पिल्लाला यातलं काहीच लागत नाही. अंगात साठा नाही, अंड्यांची घाई नाही. तेव्हा माझं मत पक्कं: पिल्लू झोपवायचं नाही.

मत पक्कं असून काय उपयोग? इथला हिवाळाच पक्का नाही. पहाटे 10 अंश, दुपारी 28. पिल्लू दुपारी जेवायला उठतं, रात्री आखडतं आणि खाल्लेलं उलटून टाकतं. मग किमान दहा दिवस पोटाला विश्रांती आणि पुढचा घास अर्ध्या आकाराचा.

म्हणून पिल्लाच्या डब्याच्या एक तृतीयांश तळाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तिची ऊब आवरणारा थर्मोस्टॅट 29 अंशांवर, डब्याचं दुसरं टोक 23-24. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मॅट आणि डब्याच्या मध्ये चिकटवायचा. आत मोकळा सोडला तर पिल्लू तो पाण्याच्या वाटीत ढकलतं, आणि थर्मोस्टॅट गारठा समजून मॅट तापवत बसतो. डबा कापसाच्या ढिगाजवळ तर मुळीच नको. वायर पेटली तर दोन्ही प्रश्न एका रात्रीत सुटतील.

लाईट जाणार, हे धरूनच चालायचं. डबा थर्माकोलच्या खोक्यात, त्याच्या बाजूला फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या दोन बाटल्या, झाकणाला भोकं. पाणी उकळतं नको. "आमच्या आंघोळीले पाणी कवा तापन?" हा प्रश्न ऐकू आला नाही असं दाखवायचं.

एवढं करूनही पौषात पिल्लू घासाकडे पाठ फिरवतं. जबरदस्ती करू नये. आधी तापमान तपासावं, आठवड्यानं पुन्हा घास दाखवावा आणि दर आठवड्याला वजन करावं. त्यासाठी छोटा डिजिटल काटा वेगळा घ्यावा, स्वयंपाकघरातला उचलला तर घरातलं तापमान भलतंच वाढतं. 20 ग्रॅमचं पिल्लू 18 वर आलं की साप बघणारा पशुवैद्य गाठायचा, आणि तोही शहरातला. तालुक्याच्या दवाखान्यात डबा उघडला, तर रांगेतली म्हैस आधी दावं तोडते.