तलामाईची बदनामी कथेने केलेली नाही

माझी भाची इंग्रजी साहित्यात एम.ए. करते आहे. प्रकल्पासाठी तिने झारखंडचे संथाळ आदिवासी लेखक हांसदा सौवेंद्र शेखर यांचा 'द आदिवासी विल नॉट डान्स' हा कथासंग्रह निवडला. तिच्या वडिलांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला आणि खाली दोनच शब्द लिहिले, "विषय बदल." तो मजकूर इतर ग्रुपवरही फिरताना मी पाहिला होता आणि सोडून दिला होता. आता त्याच्यामुळे एका मुलीचा अभ्यास अडतोय, म्हणून हे लिहावं लागतंय.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: हे पुस्तक अश्लील ठरवून न्यायालयाने त्यावर बंदी घातली. त्यात संथाळ स्त्रीला पन्नास रुपयांना विकली जाणारी बाई दाखवलं आहे. लेखक मिशनऱ्यांचा माणूस आहे. आदिवासींची खरी ओळख म्हणजे नृत्य, गाणी आणि निसर्ग, ती सोडून हा फक्त दुःख विकतो. आणि तेही इंग्रजीत, परदेशी बक्षिसांसाठी.

बंदीचं आधी संपवतो. बंदी न्यायालयाने घातली नाही, झारखंड सरकारने घातली, ११ ऑगस्ट २०१७ ला. पुस्तक २०१५ पासून दुकानात होतं. २०१७ च्याच डिसेंबरात सरकारनेच बंदी उठवली. पुस्तक आज उघड विकत मिळतं. मजकूर लिहिणाऱ्याने साधा शोध घेतला असता तरी हे कळलं असतं.

आता पन्नास रुपयांची गोष्ट. सगळा गदारोळ ज्या कथेवरून झाला ती काही पानांचीच आहे. तिचं शीर्षक 'नोव्हेंबर इज द मंथ ऑफ मायग्रेशन्स', म्हणजे नोव्हेंबर हा स्थलांतराचा महिना. झारखंडमधल्या संथाळ परगण्यातली माणसं या महिन्यात कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन पश्चिम बंगालमध्ये बर्धमानला जमीनदारांच्या शेतांवर भात लावायला जातात. तलामाई किस्कू ही वीस वर्षांची मुलगी घरच्यांसोबत निघाली आहे. स्टेशनवर थांबलेली असताना तिला भूक लागते. रेल्वे सुरक्षा दलाचा एक जवान तिला खायला देतो म्हणून बोलावून नेतो आणि शरीराची मागणी करतो. शेवटी तिच्या हातात पडतात दोन थंड ब्रेड पकोडे आणि पन्नासची एक नोट. लेखक कुठेही आवाज चढवत नाही, रडारड नाही, उपदेश नाही.

आता मला सांगा, या कथेत लाज कुणी वाटून घ्यायची? मजकूर वाचला तर उत्तर मिळतं की मुलीने, तिच्या जातीने आणि हे लिहिणाऱ्याने. वर्दीतल्या माणसाबद्दल त्या सगळ्या मजकुरात एक शब्द नाही. ज्या शेतमालकाकडे ती चालली आहे त्याच्याबद्दल नाही. घरी पिकत नाही म्हणून दरवर्षी गाव रिकामं होतं, त्याबद्दलही नाही. भुकेल्या मुलीकडून जे ओरबाडून घेतलं गेलं त्याला 'विकली गेली' म्हणायचं आणि वर तिच्या अब्रूची काळजी दाखवायची, याचा मला संताप येतो. कारण नेमकी हीच नजर तिला त्या फलाटावर एकटी पाडते. ती बोलली असती तर तिलाही हेच ऐकावं लागलं असतं की तू समाजाचं नाव घालवलंस.

आणि हे झारखंडचं म्हणून आपण लांबून बघायचं कारण नाही. पावसाळा सरला की धडगाव-अक्कलकुव्याची माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. रायगड-ठाण्यातली कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर राहतात, आणि ती उचल फिटेपर्यंत मालक म्हणेल ते ऐकतात. तिथे बायकांच्या वाट्याला काय येतं हे त्या भागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ते कुणी लिहिलं की बदनामी, आणि घडत राहिलं की कुणाचीच तक्रार नाही?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. या पुस्तकाचा निषेध बाहेरच्यांनीच केला असं नाही. संथाळ लोकांनी स्वतः लेखकाचे पुतळे जाळले. तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या झारखंड मुक्ती मोर्चाच्या आमदारांनीही विधानसभेत बंदीची मागणी लावून धरली. बाहेरचे लोक आमच्या बायकांकडे आधीच त्या नजरेने बघतात, त्यात ही कथा भर घालेल, असं एखादी संथाळ बाई म्हणाली तर मी तिच्याशी वाद घालणार नाही, ऐकून घेईन. ती भीती खरी आहे, आणि त्या कथेतलं वर्णन सोसायला जड आहे हेही खरं. पण ती भीती तिची आहे. पुण्यात बसून पुढे पाठवलेल्या मजकुराला ती उसनी घेता येणार नाही. शिवाय पुस्तक आवडलं नाही म्हणून एका सरकारी डॉक्टरला नोकरीतून निलंबित करणं कुठल्या भीतीत बसतं? शेखर तेव्हा पाकुड जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी होते. त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली, हे मजकुरातून गाळलं आहे.

मिशनऱ्यांचा मुद्दा पुस्तक न उघडताच लिहिला गेलाय. शीर्षककथेतला म्हातारा मंगल मुर्मू स्वतःच तक्रार करतो की मिशनवाल्यांनी आमच्या पोरांची नावं बदलली, आमचे देव, आमचे बोंगा, हे सैतान आहेत असं त्यांना शिकवलं. हिंदूंच्या शाळांबद्दलही तो तितकंच कडवट बोलतो, की तिथे आमची भाषा कुणी शिकवत नाही. दोन्हीकडच्या ओढाताणीत आम्ही कुणीच राहत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. हे मिशनऱ्यांच्या पैशाने लिहिलेलं वाटतं का?

नृत्य-गाण्याच्या मुद्द्यालाही उत्तर त्याच कथेत आहे. मंगल मुर्मू शेतकरी आहे, गाणी रचतो, त्याचं नाचाचं पथक आहे. गावात कोळशाच्या खाणी आल्या, शेतांवर काळी भुकटी बसली, पोरं ट्रकवरचा कोळसा चोरायला लागली. अशात त्याला निमंत्रण येतं. झारखंडातल्याच गोड्ड्यात औष्णिक वीजप्रकल्पाची पायाभरणी राष्ट्रपतींच्या हस्ते होणार आहे, तिथे पथकाने नाचायचं. तो आनंदाने तयार होतो. मग कळतं की त्याच प्रकल्पासाठी त्याच्या लेकीच्या सासरची जमीन जाते आहे. मंचावर चढून तो राष्ट्रपतींना सांगतो की आता आम्ही नाचणार नाही, आणि मार खातो. म्हणजे नाच या माणसाचा जीव आहे. त्याच्या जमिनीवरून त्याला हुसकताना त्यालाच स्वागताला नाचवलं जातं, तेव्हा तो थांबतो. डहाणू-जव्हारकडे मंत्री आले की तारपा वाजवणाऱ्यांना उन्हात उभं करतात, ते पाहिलेल्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

राहिलं इंग्रजी आणि परदेशी बक्षीस. शेखर यांना २०१५ साली मिळालेला युवा पुरस्कार आपल्याच साहित्य अकादमीचा, त्यांच्या आधीच्या कादंबरीसाठी. इंग्रजीत कथा लिहिणारे आदिवासी लेखक ते एकटेही नाहीत. नागालँडच्या तेमसुला आओ यांना २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार इंग्रजी कथासंग्रहासाठीच मिळाला. त्यांच्या एका कथेत गाणाऱ्या मुलीवर आणि तिच्या आईवर लष्करी अधिकारी आणि त्याचे जवान चर्चच्या आवारात अत्याचार करतात. त्याला अजून कुणी 'नागा स्त्रीची बदनामी' म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

संथाळी लिहायची तर लिपी कोणती, इथूनच अडचण सुरू होते. रघुनाथ मुर्मूंनी १९२५ च्या सुमारास संथाळीसाठी ओल चिकी ही लिपी तयार केली, पण माणसं झारखंड, बंगाल, ओडिशा, आसामात विखुरलेली. कुठे देवनागरी चालते, कुठे बांग्ला, कुठे ओडिया, कुठे रोमन. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा आली ती २००३ च्या घटनादुरुस्तीने. ओडिशातल्या मयूरभंजचा संथाळ आणि झारखंडातल्या पाकुडचा संथाळ वेगवेगळ्या राज्यभाषांतून शिकतो. अशा लेखकाने इंग्रजी निवडली तर त्यावर आक्षेप घ्यायचा हक्क निदान आपल्याला नाही, कारण संथाळी, हिंदी, बांग्ला यांतलं आदिवासींचं लेखन आपण मराठी वाचकांनी फारसं शोधलेलं नाही. मंगल मुर्मूचं म्हणणं माझ्या भाचीपर्यंत पोचलं ते इंग्रजीतूनच.