नागाशिनो : तीन रांगांच्या बंदुका आणि ‘अडाणी’ कात्सुयोरी

सगळीकडे फिरणारा दावा असा : १५७५ मध्ये जपानातल्या नागाशिनोला सरदार ओदा नोबुनागाने ३००० बंदुका तीन रांगांत मांडल्या, रांगा आळीपाळीने बार काढत राहिल्या, आणि बंदूक ठाऊक नसलेल्या शत्रूचं, ताकेदा कात्सुयोरीचं, घोडदळ व घराणं तिथेच संपलं.

आधी आकडा. नोबुनागाच्या पदरी असलेल्या ओता ग्युइचीच्या बखरीत ‘सुमारे १०००’ आहे, काही प्रतींत ३०००. आळीपाळीच्या रांगा त्यात नाहीतच. त्या ओझे होआन नावाच्या लेखकाने सतराव्या शतकात रंगवल्या.

आता बंदूकच बघा. नळीत दारू, वर शिशाची गोळी, गजाने ठासणी, कानाशी रंजक (पेट घेणारी बारीक दारू), झाकण बंद, चिमट्यात पेटता तोडा (जळती वात), झाकण उघडून बार. सरावलेल्या हातालाही २०-३० सेकंद. शेजारी कुणी दारू ओतत असताना पेटते तोडे घेऊन रांगा मागेपुढे करणं म्हणजे घातच. त्यात होसोकावा फुजिताकासारख्या सरदारांकडून मागवलेले बरकंदाज (बंदूकधारी), आणि नळ्या निरनिराळ्या. गोळीचं वजन मोम्मे या जपानी मापात मोजत; ६ मोम्मेची गोळी म्हणजे २२.५ ग्रॅम, जाडी जवळपास १६ मिमी. अडीच मोम्मेच्या नळीत ती शिरणारच नाही. उलट, मोठ्या नळीत बारीक गोळी घातली तर जोर बाजूने निसटतो आणि मारा लंगडा पडतो. असल्या खिचडीकडून एका इशाऱ्यावर हजार बार? अवघड आहे.

बंदूक ठाऊक नव्हती म्हणे! कात्सुयोरीच्या वडिलांनी, शिंगेनने, १५५५ मध्येच आसाहियामा किल्ल्यावर ३०० बंदुका धाडल्या होत्या. अडचण शिसं आणि सोऱ्याची (दारूतला मुख्य क्षार). सोरा मुख्यतः परदेशातून यायचा. साकाई बंदर नोबुनागाच्या हातात आणि ताकेदांच्या काई प्रांताला समुद्रच नाही.

घोडे होते, पण खांद्यापाशी १२०-१३५ सेमीचे. समोर रेंगो नदी, चिखल, लाकडी कुंपण. पुष्कळ जण पायीच लढले.

मग हल्ला केलाच का? नोबुनागाच्या बाजूच्या साकाई तादात्सुगु या सरदाराने ५०० बंदुकांसह रात्री डोंगर ओलांडून पहाटे कात्सुयोरीच्या पिछाडीचं तोबिगासुचं ठाणं घेतलं. कात्सुयोरीच्या पाठीशी शत्रू, समोर शत्रूचे ३८,००० सैनिक, स्वतःचे १५,०००. चूक होती, अडाणीपणा नव्हता. लढाई पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत चालली. ताकेदांचा सरदार बाबा नोबुहारू तर माघारीला पाठ राखताना पडला.

घराणं आणखी ७ वर्षं टिकलं. १५७८ मध्ये शेजारच्या उएसुगी घराण्यातल्या वारसायुद्धात कात्सुयोरी कागेकात्सु या दावेदाराकडे झुकला, त्यामुळे मित्र असलेलं होजो घराणं दुरावलं. १५८१ मध्ये कुमक न पोचल्याने ताकातेन्जिन किल्ला गेला. १५८२ मध्ये त्याचा सरदार किसो योशिमासा फुटला, तेव्हा नुकताच राहायला आलेला शिंपु किल्ला कात्सुयोरीने स्वतः पेटवला आणि तेन्मोकुझान डोंगराच्या वाटेला लागला. तिथेच त्याचा शेवट झाला.