बालपणीची गरिबी आणि स्तनाचा कर्करोग

बालपणीच्या गरिबीमुळे पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असं एका लेखिकेने आपल्या लेखात सरसकट म्हटलंय. हृदयविकाराच्या बाबतीत ते पटतं, इथे मात्र चित्र बरंच उलटं आहे. सुखवस्तू घरात वाढलेल्या मुलींमध्ये पुढे या आजाराचं प्रमाण अनेक अभ्यासांत जास्तच दिसतं. लहानपणी चांगलं पोषण मिळालं की उंची वाढते, पाळी लवकर येते; मग शिक्षण, नोकरी, आणि म्हणून पहिलं मूल उशिरा. यातल्या प्रत्येक गोष्टीने धोका थोडाथोडा वाढतो. पाळी एक वर्ष लवकर आली तर सुमारे ५ टक्क्यांनी, असं ११७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून २०१२ मध्ये पुढे आलं.

म्हणून उपासमार मुलींना वाचवते, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. नॉर्वेत दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईत वयात आलेल्या मुलींमध्ये पुढे हा आजार कमी आढळला. नेदरलँड्समध्ये मात्र १९४४-४५ च्या भीषण उपासमारीत होरपळलेल्या मुलींमध्ये तो वाढलेला दिसला. कमी खाणं वेगळं आणि अन्नावाचून तडफडणं वेगळं.

आणि मृत्यूंचं काय? आजार सुखवस्तू बायकांना जास्त होत असला, तरी निदानानंतर दगावण्याचं प्रमाण गरीब बायकांमध्येच जास्त आहे. गाठ हाताला लागूनही दाखवायला उशीर होतो, मजुरी बुडते म्हणून उपचार अर्धवट सुटतात. लेखिकेने पुढचा लेख यावर लिहावा, ही कळकळीची विनंती.