निसर्ग पायाखाली

संरक्षित जंगलातून धावण्याचे फायदे सांगणारे लोक एक गोष्ट हातची राखून ठेवतात. धावताना जंगल दिसत नाही. दिसते ती फक्त पुढच्या दोन पावलांपुरती जमीन. त्यात एक वर आलेलं मूळ, एक सुटा दगड आणि पालापाचोळ्याखाली दडलेला दुसरा. तो दिसत नाही, म्हणून नेमका तोच लागतो. आजूबाजूला जुनी, डेरेदार झाडं असतात म्हणे. मला त्यांचे फक्त पाय ठाऊक आहेत. मान वर केली की घोटा मुरगळतो. पक्ष्यांचं म्हणाल, तर माझ्या धापा ऐकून ते एकमेकांना सावध करून केव्हाच पसार झालेले असतात.

वर सगळे म्हणतात, अंतर छोटं आहे. रस्त्यावरचे पाच किलोमीटर आणि जंगलातले पाच किलोमीटर एकाच भावकीतले असले, तरी त्यांचं आपसात बोलणं नाही. मनगटावरच्या घड्याळाचीही साक्ष काढता येत नाही. दाट झाडीत उपग्रहांचे संकेत क्षीण होतात, आडवेतिडवे आपटून येतात, आणि नकाशावर मी कधी ओढ्यातून, कधी थेट कड्यातून पळालेला दिसतो. वळणं कापली गेली की अंतरही कमी भरतं. घाम पुरता गाळायचा आणि हिशेबात तूट!

पहाटे सगळ्यांच्या आधी गेलं तर वाट मोकळी मिळते, हे खरं. पण कोळ्यांनी रात्रीतून नवी जाळी विणलेली असतात, तीही दोन झुडपांच्या मधोमध, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. पहिला धावणारा हा त्या दिवसाचा झाडू. पापणीपासून कानापर्यंत चिकट धागा ताणला जातो, आणि मग मी धावता धावता असे हातवारे करतो की पाहणाऱ्याने मांत्रिकच बोलवावा. जाळं निघतं, कोळी कुठे गेला हा प्रश्न मात्र उरतो. मानेवर काहीतरी चालतंय. घाम असेल. घामच असू दे.

चढावर मी चालतो आणि त्याची मला अजिबात लाज नाही. आल्प्समध्ये २००३ पासून यूटीएमबी नावाची शर्यत होते, सुमारे १७० किलोमीटरची आणि सुमारे १०,००० मीटर चढाची. तिथेही भलेभले चढावर मांड्यांवर हात टेकून चालतात. मीही टेकतो. साम्य तिथेच संपतं.

पण चालूही कोण देतंय? उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा पायवाटेवरचा संकेत आहे. समोरून एखादं आजी-आजोबांचं जोडपं येतं, मला पाहून अदबीने कडेला होतं आणि थांबतं. आता माझ्यासाठी थांबलेल्या माणसांसमोरून रमतगमत कसं जायचं? मग मी धावतो. चेहऱ्यावर हसू, छातीत भाता. "शाब्बास!" आजोबा म्हणतात. वळणाआड होईपर्यंत थांबता येत नाही, आणि अशा वेळी वळण कधीच जवळ नसतं.

उतार लागला की वाटतं, सुटलो. पण उतारावरचं धावणं उधारीवर असतं. दर पावलाला ब्रेक लावताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी सुरू होते. जिना चढताना काहीच वाटत नाही. उतरताना मात्र मी कठडा धरून, पाठमोरा, एकेक पायरी उतरतो. घरच्यांनी आता कारण विचारणं सोडून दिलंय.