मोज्यांचे साठ रुपये

मुलांच्या प्ले झोनबद्दल मत बनवायला आत जायची गरज नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवर तिसरा फेरा मारूनही गाडी लावायला जागा मिळाली नाही, की निम्मं मत तयार होतं. "काही खरं नाही हो, पार्किंगच नाही." उरलेलं निम्मं मोज्यांवर ठरतं. मधे जो एक तास मूल आत असतं, त्याचा मताशी फार संबंध येऊ देऊ नका.

गेली दोन वर्षं ही मतं मी शाळेच्या गेटवर, व्हॅनवाल्या काकांची वाट बघताना आणि दुसऱ्यांच्या वाढदिवसाला पेपर प्लेट हातात धरून ऐकत आलोय. स्वतःही भरपूर दिली आहेत. तेव्हा नवख्या पालकांना चार गोष्टी सांगण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे. नवखे म्हणजे ज्यांचं मूल नुकतंच पावलं टाकायला लागलंय आणि ज्यांना अजून वाटतं, की संध्याकाळी बागेत नेलं की भागेल.

बागेचं आधी मिटवून टाकू. आमच्या कॉलनीत बाग आहे, फुकट आहे, तिथे चांगली जुनी कडुनिंबाची झाडं आहेत. घसरगुंडीचा पत्रा मे महिन्यात असा तापतो की त्यावर पापड भाजून निघेल. झोपाळ्याला दोन साखळ्या आहेत, पाट नाही. पावसाळ्यात चिखल, आणि चिखल वाळला की डास. अशात कुठेतरी एसी लावलेली, गाद्या घातलेली, चारी बाजूंनी जाळी असलेली जागा निघाली तर आपण पळत जाणारच. फक्त हे कारण कबूल करायचं नाही. आपण जातो ते मुलाच्या ग्रॉस मोटर स्किल्ससाठी, म्हणजे पळणं, चढणं, उड्या मारणं. हा शब्द पाठ करून ठेवा. नर्सरीच्या मॅडमनी तो पालकसभेत उच्चारल्यापासून आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचंच मूल खेळत नाही, सगळ्यांचं ग्रॉस मोटर चाललेलं असतं.

सोबत एखादा आकडाही ठेवा, मताला वजन येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटं अंग हलवावं, त्यातली ६० तरी जोरात. आमच्याकडचा दर तासाला पाचशे. रोजचे तीन तास म्हणजे दीड हजार, महिन्याचे ४५,०००. आमच्या फ्लॅटचा हप्ता याहून कमी आहे. म्हणून आम्ही आठवड्याला एक तास विकत घेतो. बाकीचं अंग आमची कन्या घरच्या सोफ्यावर हलवते आणि आम्ही "उतर खाली, स्प्रिंगा तुटतील" असं ओरडून तिला त्यापासून परावृत्त करतो.

आता काउंटर. तिथे पहिला प्रश्न मुलाचं नाव, वय असा काही नसतो. "मोजे आणलेत का?" हा असतो. साधे मोजे चालत नाहीत, तळाला रबरी ठिपके असलेलेच लागतात. गुळगुळीत गादीवर मूल घसरू नये म्हणून असतात ते, आणि त्यात चुकीचं काही नाही. तुमच्या घरी अशा मोज्यांचे अकरा जोड आहेत, अकराही अर्धे. नवीन जोड साठ रुपये. इथे तुमची कसोटी आहे. पाचशेचं तिकीट निमूट काढायचं, सोबतच्या मोठ्या माणसाचे शंभर निमूट द्यायचे आणि साठ रुपयांवर हुज्जत घालायची. "अहो, मागच्या आठवड्यातच घेतले!" मागे रांग तटली तरी हटायचं नाही. शेवटी साठ रुपये द्यायचेच आहेत, पण मताचा पाया इथेच घातला जातो.

मोज्यांच्या भांडणात एक कागद पुढे सरकवला जातो. दोऱ्याने बांधलेलं पेन असतं. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मुलाला इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. वाचू नका, सही ठोका. एखादा वकील पालक म्हणेल, की अशा कागदाने निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप पुसली जात नाही आणि एकतर्फी, अन्यायकारक करारांना २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाद मागता येते. त्याला म्हणावं, वकीलसाहेब, आधी मोजे घ्या.

आत शिरलात की डावीकडे मुलं असतात, उजवीकडे सोफा. उजवीकडे वळा. सोफ्याच्या मऊपणावर, कॉफीच्या चवीवर आणि वायफायच्या वेगावर मत बनवायला तासभर आहे. अधूनमधून मान वर करून "सांभाळून!" असं कोणालाही उद्देशून म्हणायचं. सांभाळून म्हटलं की आपण लक्ष ठेवून आहोत हे शेजारच्याला कळतं. कोणाचं मूल ढकलाढकली करत असेल तर त्याच्या आईबापांना शोधत हिंडू नका, ते तुमच्याच शेजारी बसून रील बघत असतात. दुसऱ्या दिवशी गेटवर सांगायचं, "जागा चांगली आहे, क्राउड चांगला नाही." क्राउडमध्ये आपण नसतो.

बॉल पूलकडे मात्र एकदा नजर टाका. आपण नाशिककर, पाण्याची पातळी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजणारे. गोदावरीला पूर आला की मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं का, कमरेला लागलं का, छातीला लागलं का, यावर अख्खं शहर निर्णय घेतं. इथेही तीच पद्धत वापरा. गुडघ्यापर्यंत बॉल असतील तर "कंजूष आहेत, बॉल कमी टाकलेत." कमरेपर्यंत असतील तर फोटो काढा. छातीपर्यंत आले की व्हिडिओ. मूल दिसेनासंच झालं, तर "अगं, ती निळ्या फ्रॉकवाली कुठाय?" असं म्हणत उठा, पण कॉफी घेऊन उठा.

बॉलच्या तळाशी काय असतं ते मी एकदा हात घालून पाहिलं. एक हेअरक्लिप, अर्धा कुरकुरे, ओला झालेला एक मोजा (ठिपकेवाला, साठचा निम्मा) आणि काहीतरी चिकट, ज्याचा शोध मी तिथेच थांबवला. बॉल कधी धुता, असं विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "रोज होतं सर सॅनिटाइज." त्याच्या मागे भिंतीवर स्वच्छतेचा तक्ता होता. त्यावर शेवटची सही ज्या तारखेची होती, त्यानंतर आमच्याकडे दोन सण येऊन गेले होते. मी आणखी काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. विचारलं की मूल बाहेर काढावं लागतं, आणि तासातली पस्तीस मिनिटं शिल्लक असतात.

हाच हिशेब सर्दीलाही लावा. तुम्ही दहा तासांचं पॅकेज घेतलेलं असतं, ते तीन महिन्यांत संपवायचं असतं, आणि शेवटच्या आठवड्यात नेमकं मुलाचं नाक वाहायला लागतं. घरी बसवलं तर पाचशे पाण्यात. मग न्यायचं. कोणी बघितलं तर "अ‍ॅलर्जी आहे हो, इन्फेक्शन नाही," असं डॉक्टरांच्या आवाजात सांगायचं. हात, पाय आणि तोंडात फोड येणारा तो आजार लाळेतून, शिंकेतून, फोडांतल्या पाण्यातून पसरतो आणि पाच वर्षांखालच्या पोरांना जास्त गाठतो, हे सगळ्या आयांना तोंडपाठ आहे. म्हणून तर पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गैरहजर राहिला की सगळ्या मिळून म्हणतात, "त्या प्ले झोनमधूनच आलं. स्वच्छताच नाही."

ट्रॅम्पोलिनचं थोडक्यात सांगतो. पाटीवर 'एका वेळी एकच' असं लिहिलेलं असतं. अनेक जण एकदम उडतात तेव्हाच बहुतेक दुखापती होतात, आणि त्यातही सगळ्यात लहान, हलक्या पोराला जास्त धोका असतो. मोठा खाली आदळला की धाकटा भलतीकडे उडतो. तुम्ही मात्र लांबून "दादाबरोबर उडी मार, दादा शिकवेल" असं ओरडा. दादा नववीत आहे, पंचावन्न किलोचा आहे आणि तो कोणाचा दादा आहे हे कोणालाच माहीत नाही.

आजोबांना सोबत नेणार असाल तर विचार करून न्या. आमचे वडील पंचवटीत वाढले. तिकीट बघून ते काउंटरवरच म्हणाले, "पाचशे? यात पोहायला शिकवतात का?" नाही म्हटल्यावर बराच वेळ जाळीला नाक लावून उभे राहिले. नंतर हळूच म्हणाले, "आम्ही रामकुंडात उड्या मारायचो तेव्हा वर कोणी बघत नव्हतं. इथे एवढे आईबाप बसलेत, तरी कोणी बघत नाही." म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, त्यांना कॉफी द्यावी. मी दिली. "साखर जास्त आहे," म्हणाले. त्यांचंही मत तयार झालं.

रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नका, किंवा गेलात तर पर्वणीला निघाल्यासारखे जा. एका बाजूला दोन वाढदिवस, केक, टोप्या, फुगे फुटल्याचे आवाज, आणि पन्नासेक पोरांमागे लाल टी-शर्टातल्या दोन मुली. त्यातली एक सातपूरहून येते, सकाळी दहापासून उभी असते. घसरगुंडीच्या टोकावर घाबरून बसलेल्या पोराला खाली आणायला दर दहा मिनिटांनी वर चढते आणि उतरताना त्याचं रडू पुसते. या मुलीबद्दल मत व्यक्त करायची प्रथा नाही. फारच वाटलं तर "स्टाफ कमी आहे" म्हणा. तिला पगार किती, असलं काही मनात आणू नका, कॉफी कडू लागते.

आणि एक प्रश्न अजिबात विचारायचा नाही. २५ मे २०२४ ला, शनिवारी, सुट्टीच्या दिवसांत, राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली. मुलांसह २७ माणसं गेली. अग्निशमन विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हतं, असं नंतर बाहेर आलं. त्यानंतरचा आठवडा आमच्या गेटवर दुसरा विषय नव्हता. प्रत्येक जण म्हणत होता, आता आत शिरलं की आधी दुसरा दरवाजा बघायचा. मग शाळा सुरू झाल्या, वह्यांना कव्हरं घालायची होती, पाऊस आला. पोरं घरात कंटाळली. आम्ही पुन्हा पॅकेज घेतलं.

गेल्या रविवारचीच गोष्ट. तास संपल्याची शिट्टी झाली आणि आमची कन्या सापडेना. एका आईने बोट दाखवलं. कोपऱ्यात, हिरव्या अक्षरांत 'बाहेर' लिहिलेली पाटी होती, तिच्याखाली एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गुंडाळलेलं हॅपी बर्थडेचं फ्लेक्स. त्यामागे ती लपली होती. लपाछपीत तिला कोणी शोधू शकलं नव्हतं, त्यामुळे खूश होती. केसांत भिंतीचा चुना.

बाहेर बाकावर बसून मी तिचे मोजे काढत होतो. ती म्हणाली, "बाबा, ते दार ना, उघडतच नाही. मी दोन्ही हातांनी ढकललं."

"बंदच असतं गं ते."

"मग त्याच्यावर बाहेर का लिहिलंय?"

मी म्हटलं, "पाय पुढे कर." मोजा ओला झाला होता, निघता निघत नव्हता.

सोमवारी गेटवर एका नव्या आईने विचारलं, "तुम्ही जाता ना तिथे? कसं आहे हो? माझ्या मुलाचा वाढदिवस करायचा म्हणतेय." मी क्षणभर थांबलो. व्हॅनवाल्या काकांनी हॉर्न दिला.

"छान आहे," मी म्हणालो. "फक्त मोजे घरून न्या."