लाल डोळा आणि छातीचा एक्स-रे

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: ‘डोळा लाल म्हणजे डोळे आले. मेडिकलमधून स्टिरॉइडचे ड्रॉप्स आणा, लाली गेली की बंद करा. डोळ्यासाठी छातीचा एक्स-रे सांगणारा डॉक्टर पैसे काढतोय.’ यातल्या प्रत्येक वाक्यापायी कुणाची तरी नजर जाऊ शकते.

डोळे आले की चिपडं धरतात, चुरचुरतं, पण दिसणं सहसा शाबूत राहतं. पण डोळा युव्हिआयटिसमुळेही लाल होतो, आणि त्यात सूज डोळ्याच्या आत असते. चिपडं नाहीत, पण डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं, लाली बुबुळाच्या कडेला दाटते. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राच्या, झोतात आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी दिसतात. आरशात त्या दिसत नाहीत. सांध्यांच्या आजाराच्या लहान मुलांत तर डोळा पांढराशुभ्र असतानाही आत सूज धुमसत राहते.

स्टिरॉइडनं डोळा वाचतो हे खरं. पण बुबुळावर हर्पिस या विषाणूची जखम असेल तर त्याच थेंबांनी ती पसरते. आणि लाली गेली तरी आतल्या पेशी गेलेल्या नसतात, म्हणून थेंब काही आठवड्यांत हळूहळू उतरवतात. सोबतचे बाहुली मोठी करणारे थेंब ‘अंधुक दिसतं’ म्हणून अनेक जण टाळतात. मग बाहुली मागच्या भिंगाला चिकटते, तिची गोल कड वेडीवाकडी होते. सगळीकडून चिकटली तर आतलं पाणी तुंबून दाब चढतो.

आता एक्स-रे. पहिल्याच, एका डोळ्याच्या सौम्य त्रासाला ढीगभर तपासण्या लागत नाहीत, हे मान्य. पण दुखणं उलटलं किंवा सूज मागच्या पडद्यापर्यंत गेली, तर कारण शोधावंच लागतं, आणि आपल्या देशात त्यात क्षयरोग बघायलाच हवा. त्यासाठीच छातीचा एक्स-रे. खोकला नसतानाही तो डोळ्यात असू शकतो. तो न तपासता स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर जंतूंना रान मोकळं. दुसरं कारण लेप्टो, म्हणजे पावसाळ्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप: मदुराईत 1993च्या पुरानंतर त्याच्या साथीत डोळ्याच्या अशा सुजेचे कितीतरी रुग्ण आढळले. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेप्टो होऊन गेलेल्यानं पुढच्या काही महिन्यांत डोळा दुखला, तर तो ताप डॉक्टरांना आठवणीनं सांगावा. सकाळी कंबर आखडते का, कानात आवाज येतो का, अंगावर पांढरे डाग आलेत का, हे प्रश्नही उगाच नसतात. त्यांच्या उत्तरांतून सुजेचं कारण सापडू शकतं, आणि त्यानुसार औषध बदलतं.

डोळा ठणकतोय आणि धूसर दिसतंय, तर मेडिकलच्या काउंटरवर थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.